खाजगी वापरास सक्त मनाई

“डावीकडं घे. अजून थोडी. तुझी डावी नव्हे, माझी डावी.”

गोर्डेमास्तर खाली काठी टेकून उभे होते आणि मी स्टुलावर चढून पाटी लावत होते. दोघांचीही तोंडं भिंतीकडेच, म्हणजे त्यांची डावी ती माझी डावी. पण सत्तरीतल्या माणसाशी, त्यातून चर्चच्या पंच कमिटीच्या सेक्रेटरीशी, कोण डोकं लावणार? मी पाटी हलवल्यासारखं केलं आणि होती तिथंच ठेवली.

“हां, आता बरोबर,” मास्तर म्हणाले.

पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. हात-दीड हात लांबीची फळी, पांढऱ्यावर निळी अक्षरं, शाळामास्तराचं वळण. ‘ही वीज फक्त उपासनेसाठी आहे. खाजगी वापरास सक्त मनाई. – पंच कमिटी.’ आणि पाटीच्या बरोबर खाली नव्या सोलरचा प्लग.

“दीना, व्हरांडा झाडलास?”

“झाडला.”

“तिसऱ्या खांबापाशी पाला तसाच आहे. नेहमी तिथलाच कसा राहतो तुझा?”

“ऱ्हातो,” मी म्हणाले आणि स्टूल उचलून बाहेर गेले.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि सोनखडीच्या चर्चची सेविका होते. सेविका म्हणजे घंटा वाजवणे, झाडलोट करणे, प्रभुभोजनाची भांडी घासणे आणि किल्ली सांभाळणे. किल्ली माझ्या कमरेला असायची, पण तिच्यावर सत्ता मास्तरांची. चर्चची वस्तू चर्चच्या बाहेर जायची नाही आणि बाहेरच्याच्या कामी यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या मुलाच्या लग्नात चर्चच्या खुर्च्या आत रचून ठेवलेल्या असताना त्यांनी नेवाशाहून भाड्याच्या खुर्च्या आणल्या. माणूस सरळ. इतका सरळ, की वाटेत कुणी आडवं असलं तरी वळायचा नाही.

सोलर येण्याआधी आमच्याकडे डिझेलचं जनरेटर होतं. रविवारी दहाला उपासना आणि दहाला पाच कमी असताना लाईट जाणार हे ठरलेलंच. मग मी मागच्या आवारात जाऊन हँडल मारायची आणि ते असं खोकत सुरू व्हायचं, की म्हाताऱ्या बायका आधीच पदराचा बोळा नाकाशी धरायच्या. धूर थेट बायकांच्या बाजूच्या खिडकीतून आत. पुरुषांच्या बाजूला कधी गेला नाही, गेला असता तर जनरेटर वीस वर्षं टिकलं नसतं.

त्याच्या आदल्या वर्षी हंगाम सणाला आमच्या नव्या पाळकसाहेबांनी, सुमंत पाटोळे त्यांचं नाव, वेगळाच उपदेश घेतला. “ही जमीन, हे पाणी, ही हवा देवानं आपल्याला मालकीनं दिलेली नाही, राखणीला दिली आहे. राखणदारानंच बागेत धूर सोडला, तर धन्यानं बघायचं कुणाकडं?” त्या ‘कुणाकडं’वरच जनरेटरच्या धुराचा एक लोट आत आला आणि पाळकसाहेबांना असा ठसका लागला, की दोन मिनिटं उपदेश बंद. अख्खी मंडळी हसली. हसता हसता पटलंही. मला तर केव्हाच पटलं होतं, कारण हँडल मी मारत होते.

मग वर्षभर खटपट झाली. कुणी काय दिलं ते सांगत बसत नाही, ज्याला जमलं त्यानं दिलं. वेदीशेजारच्या पाळकांच्या खोलीच्या स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसल्या. खोलीत चार मोठ्या बॅटऱ्या आल्या, म्हणजे दिवसा साठवायचं आणि गरज पडेल तेव्हा वापरायचं. प्लेटा पुसायचं काम महिला मंडळानं वाटून घेतलं. जनरेटर भंगारात गेलं त्या दिवशी बायकांनी चहाबरोबर भजी केली.

विरोध एकट्या मास्तरांचा. कमिटीच्या बैठकीत मी चहा देत होते, त्यामुळे सगळं कानावर आलं.

“धूर वाईट, हे मान्य,” मास्तर म्हणाले. “पण फुकटचा करंट म्हटल्यावर उद्या गाव मोबाईल घेऊन वेदीपाशी बसेल. परवा कुणी गिरणी जोडेल. देवाच्या घराला धर्मशाळा करायची आहे का?”

“मास्तर, सूर्य काय आपल्या एकट्याचा आहे?” पाळकसाहेब हसून म्हणाले.

“सूर्य नाही. बॅटऱ्या आहेत.”

शेवटी ते एका अटीवर तयार झाले. वीज फक्त उपासनेसाठी, एकाही घरासाठी नाही. तसा ठराव त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि मग ती पाटी. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, बिशपसाहेब येऊन बटण दाबणार आणि सोलरचं अर्पण होणार, असं ठरलं. तोवर आम्ही फक्त चाचणी घ्यायची होती.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारची गोष्ट.

मास्तरांचं घर चर्चच्या मागेच, शंभर पावलांवर. त्यांची बायको सुवार्ताबाई. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला शब्बाथ शाळेत तिनं शिकवलेलं, मलाही. मास्तर जितके करडे तितकी ही मऊ. दोन वर्षांपासून तिची फुप्फुसं आकसत चालली होती. घरात ऑक्सिजनचं मशीन होतं, विजेवर चालणारं, आणि नाकाशी नळी लावून ती दिवसभर खिडकीत बसायची. नळी जिथवर पोचेल तिथवर तिचं जग. तरी त्या वर्षीही झावळीचे क्रूस वळायचं काम तिनं सोडलं नव्हतं. झावळ्यांच्या रविवारी प्रत्येकाच्या हातात देतात ते पानाचे छोटे क्रूस वर्षानुवर्षं तिच्याच हातचे.

दुपारी अडीचच्या सुमाराला शिंदीच्या झावळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन मी तिच्याकडे निघाले होते. तेवढ्यात वेशीकडून फाडकन आवाज आला आणि काळा धूर वर गेला. गावाची डीपी उडाली, सगळ्या गावाची लाईट गेली. वायरमन तिथंच होता. त्यानं वर बघून हात झटकले.

“सोमवारच्या आत काय होत नाय आता. नवी आणावी लागंल.”

मी भारा तिथंच टाकला आणि पळाले.

मास्तरांच्या घरात शिरले तर मशीन गप्प. एरवी ते घुर्र, फुस्स, घुर्र, फुस्स असं चालू असायचं, इतकं की त्याच्याशिवाय ते घर ओळखू येईना. कोपऱ्यातला सिलिंडर ओढून मास्तरांनी त्याला नळी जोडली होती. सुवार्ताबाई खुर्चीत ताठ बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि ओठांना निळसर झाक.

“झावळ्या कुठायत?” तिनं विचारलं.

“आणते. तू बोलू नको.”

मास्तर फोनवर होते. त्यांनी फोन ठेवला.

“ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गेली आहे. सात-आठच्या आत येत नाही म्हणतात.”

मी सिलिंडरचा काटा बघितला. “ह्यात किती हाय?”

“दोन तास. फार तर अडीच.”

घड्याळात पावणेतीन झाले होते. हिशेब तुम्हीच करा. मला तो तिथं उभ्या उभ्या झाला, आणि गणितात मी कधीच हुशार नव्हते.

“मास्तर, चर्चमधी लाईट हाय,” मी म्हणाले.

त्यांनी फोनमधला पुढचा नंबर शोधायला घेतला.

“बॅटऱ्या भरल्यात. मशीन तिथं लावू. शंभर पावलं तर हाय.”

“नाही.”

“आवो...”

“दीना, ठराव माझा आहे. पाटी माझी आहे. पाटी वाळली नाही तोवर माझ्याच बायकोसाठी ती मोडायची? उद्या कुणाला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?”

“नका म्हनू ना मग नाही!”

“मी दुसरी गाडी बघतो.” ते पुन्हा फोन लावू लागले. नंबर दाबताना दोनदा चुकले.

सुवार्ताबाई हे सगळं ऐकत होती. नवऱ्याकडे न बघता ती मला म्हणाली, “दीने... हे ऐकायचे नाहीत. पन्नास वर्षं... ऐकलं नाही. तू... मशीन उचल.”

मी पुढं झाले, भिंतीतली पिन उपटली, वायर गळ्यात गुंडाळली आणि मशीन दारातून बाहेर ढकललं. त्याला चाकं होती, पण ती फरशीसाठी केलेली. आमच्या गल्लीतल्या दगडांवरून ते असं खडखडत निघालं, की दारादारांतून माणसं बाहेर आली.

“दीनाबाई, काय चोरून चाललीस गं?” कुणीतरी विचारलं.

“मास्तरांचा नियम!” मी ओरडले. “येता का धरायला?”

खोटं कशाला बोलू? सुवार्ताबाईच्या जिवाची काळजी तर होतीच, पण मास्तरांचा नियम भर दुपारी गल्लीतून खडखडत नेताना मला थोडी मजाही वाटत होती. त्या मजेची लाज पुढं वाटली, तेव्हा नाही.

पाळकसाहेब आणि शेजारचे इस्माईल टेलर यांनी सुवार्ताबाईला खुर्चीसकट उचलून आणलं. मागून मास्तर, बगलेत उशी आणि हातात औषधांची पिशवी. मी पाळकांच्या खोलीत मशीन लावलं. पिन घालताना डोळ्यांसमोर ती पाटी. बाईची नजर तिच्यावर जाऊ नये म्हणून मी तिची शाल काढून पाटीच्या खिळ्याला अडकवली. निळी अक्षरं झाकली गेली. मग बटण दाबलं.

घुर्र. फुस्स. घुर्र. फुस्स.

दहा-पंधरा मिनिटांत तिच्या ओठांवरची निळी झाक उतरली. तिनं डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं. “डिसेंबरपासून आले नव्हते गं चर्चला,” ती म्हणाली. “आता माझ्या झावळ्या आण.”

मास्तर आत आले नाहीत. त्यांनी उशी दारातून माझ्याकडे दिली, पिशवी दिली, आणि व्हरांड्यात जाऊन तिसऱ्या खांबाला पाठ टेकून बसले. मला ते बरं वाटलं नाही. इतक्या मोठ्या व्हरांड्यात त्यांना नेमकी तीच जागा मिळाली होती.

संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली. तिच्यासोबतच्या डॉक्टरनं बाईला तपासलं, मशीन बघितलं, बॅटऱ्या बघितल्या आणि म्हणाला, “ऑक्सिजन बरोबर मिळतोय. हे चालू राहणार असेल तर साठ किलोमीटर हलवण्यापेक्षा इथंच बऱ्या आहेत. बंद पडायची वेळ आली तर मात्र लगेच हलवा.” सुवार्ताबाईनं हात जोडले. दवाखान्याला ती फार भ्यायची, दोनदा जाऊन आली होती.

शुक्रवार चांगला गेला. लख्ख ऊन, बॅटऱ्या दुपारपर्यंत भरून वर. महिला मंडळाच्या बायका पाळीपाळीनं येऊन बसल्या आणि बाईनं उशीला टेकून शंभरावर क्रूस वळले. मास्तर दोन्ही दिवस बाहेरच. चर्चच्या माठातलं पाणीसुद्धा प्याले नाहीत, घरून तांब्या आणला. बायको आत श्वास घेत होती आणि नवरा बाहेर तिच्या श्वासाचा आवाज ऐकत होता. मी झाडू घेऊन त्यांच्यापाशी गेले की पाय आखडून घ्यायचे. मी तेवढी जागा सोडून पुढं जायची.

शनिवारी घात झाला. सकाळीच आभाळ भरून आलं. थेंब पडला नाही, पण उन्हाचा पत्ता नाही. अवकाळी आभाळ आमच्याकडे येतं ते कुणाच्या तरी मुळावरच. मी दोनदा वर चढून प्लेटा पुसल्या, जशी काही त्यांच्यावरच धूळ होती. दुपारी पाळकसाहेबांनी बॅटरीचा आकडा बघितला आणि कमिटीला बोलावून घेतलं.

चार पंच आणि पाळकसाहेब व्हरांड्यात जमले. मास्तर खांबापाशी होतेच.

“गोष्ट सरळ आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “आज भरणा झालेला नाही. उद्याही आभाळ असंच असेल. उद्याच्या कार्यक्रमात पंखे, माईक, ऑर्गन, लायटिंग हे सगळं दोन-तीन तास चाललं, तर बॅटऱ्या उद्या संध्याकाळीच बसतील. डीपी सोमवारी दुपारी येणार. मधल्या रात्री सुवार्ताबाईंचं मशीन चालणार नाही.”

“मंग सोलर चालू न करता अर्पण कसं करायचं?” एक पंच म्हणाले. “बिशपसाहेब यायलेत. चार गावची मंडळी यायलीये. नुसतं बंद बटण दाखवायचं का?”

आतून मशीनचा आवाज येत होता.

“सुवार्ताला उद्या पहाटे नगरला हलवू,” मास्तर म्हणाले. “मी गाडी सांगून ठेवली आहे. उद्याची उपासना होऊ द्या. दोन दिवस मंडळीनं पुष्कळ सोसलं.”

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सेविकेनं कमिटीत बोलायचं नसतं. वीस वर्षांत मी बोलले नव्हते. ट्रे मी ओट्यावर ठेवला तर तो जोरात आपटला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“डाक्टर काय बोलला ते इसरलात व्हय? हलवू नका म्हनलाय.”

“दीना, तू आत जा,” मास्तर म्हणाले.

“न्हाई जात. मागं एकदा गेले व्हते तुमी म्हनल्यावर. आता न्हाई जायची.”

मास्तरांनी मान वर केली.

“तुमी जिथं बसलात ना, मास्तर, तिथंच बसले व्हते मी,” मी म्हणाले, आणि इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. “धावीची परीक्षा चालू व्हती. आमच्या घरात लाईट नव्हती, चिमणीतलं रॉकेल संपलं व्हतं. हितं चर्चचा दिवा जळत व्हता. कुनाचं काय घेतलं व्हतं मी? खांबाला टेकून पुस्तक उघडलं व्हतं. तुमी आलात, दिवा बंद केलात. म्हनलात, आज तू बसलीस, उद्या सगळं गाव बसंल. सहा मार्कांनी गेले मी. बा म्हनला, झालं तेवढं पुरं. मला नर्स व्हायचं व्हतं.”

पाळकसाहेब काही म्हणायला गेले, पण मास्तरांनी हात वर केला.

“दुसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर होता,” ते म्हणाले. “हिरव्या रंगाचं दप्तर होतं तुझं.”

मला वाटायचं, ते कधीच विसरून गेले असतील. पायाखाली काय आलं हे चालणाऱ्याच्या कुठं ध्यानात राहतं?

“घरी जाऊन सुवार्ताला सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. निकाल लागला तेव्हा शाळेत तुझं नाव मी पहिलं बघितलं.” त्यांनी खांबावरून हात फिरवला. “ही जागा कुठली आहे ते मला माहीत आहे, दीना. म्हणून तर इथं बसलो आहे.”

मग मीच विचारलं, अगदी हळू, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बसलं असतं सगळं गाव, तर काय बिघडलं असतं, मास्तर?”

त्यांनी पुष्कळ वेळ विचार केला. सवयच होती ती, मुलांच्या साध्या प्रश्नालाही विचार करून उत्तर द्यायची.

“काही नाही,” ते म्हणाले. “काही बिघडलं नसतं.”

आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांना रडताना मी पाहीन असं मला वाटलं नव्हतं, आणि पाहिल्यावर आनंद होईल असं जे वाटायचं, तेही झालं नाही. मी पदरानं डोळे पुसले आणि चहा वाटायला लागले.

“उद्या पंखे नाहीत, माईक नाही, ऑर्गन नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “बिशपसाहेबांना मी आत्ताच फोन करतो. कुणाची हरकत?”

आतून सुवार्ताबाईचा आवाज आला, “मला... कोण विचारणार आहे... का नाही?”

“तुमची हरकत आहे का बाई?”

“आहे. क्रूस वळायला... पाती कमी पडली. दीनेला पाठवा.”

झावळ्यांचा रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. आभाळ तसंच, आणि वर उकाडा. चार गावची माणसं, पुरुष घामानं चिंब, बायका झावळीच्याच पात्यांनी वारा घेत होत्या. बिशपसाहेब आपल्या जाड झग्यात लाल झाले होते. माईक नाही म्हणून पाळकसाहेबांनी ओरडून शास्त्रपाठ वाचला. गाणी पेटीवर झाली आणि, मला वाटतं, त्यामुळेच बरी झाली. ऑर्गनवर आमच्या पोरांचे सूर नेहमीच पुढं पळायचे.

अर्पणाची वेळ आली. बिशपसाहेब बटणापाशी जायला निघाले आणि पाळकसाहेबांनी कानात काही सांगितलं. बिशपसाहेब थांबले, आणि मंडळीकडे वळून म्हणाले, “मला सांगतात की बटण गुरुवारीच दाबलं गेलं आहे. मग मी कशाला आलो?”

माणसं हसली. मग त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. हसू विरलं. झावळ्यांची सळसळ थांबली. चारशे माणसं गप्प बसली, आणि वेदीशेजारच्या खोलीतून तो आवाज साऱ्या चर्चमध्ये ऐकू येऊ लागला. घुर्र. फुस्स. घुर्र. फुस्स.

बिशपसाहेबांनी दुसरा उपदेश केला नाही. तेवढाच.

उपासना संपल्यावर मास्तर प्रथमच खोलीत आले. सुवार्ताबाई उशीला टेकून बसली होती, हातात एक क्रूस. मास्तरांनी भिंतीवरची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली आणि पाटीकडे बघत उभे राहिले.

“स्टूल आण, दीना. हातोडाही.”

“मी काढते की. ठोकलीबी मीच व्हती.”

“ठोकायला मी सांगितलं होतं,” ते म्हणाले, आणि सत्तरीचा तो माणूस स्टुलावर चढला. मी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं. चढल्यावर म्हणाले, “ही पाटी जरा उजवीकडंच होती.”

“व्हय,” मी म्हणाले. “मी हलवलीच नव्हती.”

सुवार्ताबाईला हसायला आलं आणि हसता हसता धाप लागली. मी तिची पाठ चोळली.

सोमवारी संध्याकाळी डीपी आली. मशीन घरी गेलं. त्यानंतर सुवार्ताबाई पावणेदोन वर्षं होती, आणि त्या काळात लाईट गेली की कुणालाही न विचारता तिला चर्चमध्ये आणलं जायचं. ती एका जानेवारीत सकाळी उन्हात बसल्या बसल्या गेली. तिच्या मातीला मास्तर ताठ उभे होते. घरी परतताना ते मला एवढंच म्हणाले, “मशीन चर्चमध्ये नेऊन ठेव. ज्याला लागेल त्याला दे. किल्ली तुझ्याकडे आहे.”

पुढच्या महिन्यात, एका संध्याकाळी, मी दिवे लावायला गेले तर व्हरांड्यात मास्तर दिसले. दहावीची सात-आठ पोरं-पोरी सतरंजीवर बसली होती, निम्मी ख्रिस्ती, निम्मी गावातली इतर, इस्माईल टेलरांची नातही होती. आणि समोर खांबाला टेकवून ठेवलेला फळा. फळा ओळखीचा वाटला. मी मागून बघितलं. तीच फळी. कोरी बाजू मास्तरांनी काळी रंगवली होती, आणि निळी अक्षरं मागच्या बाजूला, अंधाराकडे तोंड करून होती.

“उभी का?” मास्तर म्हणाले. “वेळ झाली, बस.”

“मी?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असतो तो सतरा नंबरचा फॉर्म. नाव, गाव, जन्मतारीख, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात भरलेलं. फक्त सहीची जागा मोकळी होती.

“मास्तर, चाळीस झाले मला. नर्स व्हायचं वय गेलं कवाच.”

“गेलं,” ते म्हणाले. “ते मला परत देता यायचं नाही.”

मग ते बाजूला झाले. तिसऱ्या खांबापाशी, दिव्याच्या बरोबर खाली, सतरंजीचा एक कोपरा रिकामा ठेवलेला होता. पाला झाडून जागा स्वच्छ केलेली होती, आणि ती काही मी केलेली नव्हती. मी किल्ली कमरेला खोचली आणि तिथं जाऊन बसले.

मास्तरांनी खडू उचलला.

“बीजगणितापासून सुरू करू,” ते म्हणाले.